मत नसलेल्यांचा गुरुवार

बर्कलेच्या एका रेडिओ केंद्राच्या मंडळाची निवडणूक होते, तेव्हा मतदाराकडे नागरिकत्वाचा दाखला कुणी मागत नाही. ग्रीन कार्ड नको, घरभाड्याचा करार नको. वर्षभरात पंचवीस डॉलर देणगी द्यायची. तेही जमत नसेल तर केंद्रासाठी तीन तास राबायचं. फोन घ्या, पाकिटं भरा, खुर्च्या मांडा. एवढं केलं की तुम्ही सभासद, आणि सभासद म्हणजे मतदार. मोजणी मात्र साधी नाही. राज्यसभेसाठी आपले आमदार जसे पसंतीक्रम लिहितात, तसे इथे श्रोते लिहितात आणि मग फेऱ्यांवर फेऱ्या मोजत बसावं लागतं.

केंद्राचं नाव केपीएफए, एफएम ९४.१. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे बर्कले नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे मार्टिन लूथर किंग यांच्या नावाच्या रस्त्यावर या केंद्राची लक्षात न राहणारी इमारत आहे. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तिथून ‘एपेक्स एक्स्प्रेस’ हा तासाभराचा कार्यक्रम लागतो. अमेरिकेतल्या आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचं राजकारण, त्यांचे मताचे प्रश्न, त्यांची चित्रं, कविता, गाणी असा सगळा ऐवज त्यात असतो. चालवणारे बहुतेक स्वयंसेवक. अमेरिकेतल्या आशियाई माणसाला मताचा अधिकार फार उशिरा मिळाला, आणि तो मिळेपर्यंत त्याने आपलं म्हणणं भिंतीवर, कागदावर, गाण्यात, जिथे जागा मिळेल तिथे मांडलं. त्यामुळे मतपत्रिका आणि भित्तिचित्र हे दोन विषय या कार्यक्रमात एकाच तासात येतात, याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही.

आधी केंद्राविषयी. लुइस हिल नावाच्या माणसाने दुसऱ्या महायुद्धात बंदूक हातात घ्यायला नकार दिला होता. युद्ध संपल्यावर १९४६ साली त्याने आणि त्याच्यासारख्याच काही शांततावाद्यांनी पॅसिफिका फाउंडेशन काढलं, आणि १५ एप्रिल १९४९ रोजी केपीएफए हवेत गेलं. जाहिराती नाहीत, सरकारचा पैसा नाही, विद्यापीठाचा आधार नाही. खर्च श्रोत्यांनी द्यायचा, आणि तोही स्वखुशीने, कारण पैसे न देणाऱ्यालाही तेच ऐकू येणार. शंभरातल्या दोघांनी जरी वर्गणी भरली तरी केंद्र चालेल, असा हिलचा हिशोब होता. हिशोब बरोबर असेलही, पण तेव्हा एफएम पकडणारा रेडिओ फार थोड्या घरांत होता. सव्वा वर्षात, ऑगस्ट १९५० मध्ये केंद्र बंद पडलं. श्रोत्यांनी पैसे उभे केले आणि मे १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन इथेही पॅसिफिकाची केंद्रं निघाली. ह्यूस्टनचा प्रक्षेपक १९७० साली एकदा नव्हे, दोनदा बाँब लावून उडवला गेला.

श्रोत्यांना मत मिळालं ते भांडणातून. १९९९ च्या उन्हाळ्यात पॅसिफिकाच्या वरच्या मंडळाचं आणि बर्कलेच्या कर्मचाऱ्यांचं जुंपलं. या वादाविषयी हवेवर बोलायचं नाही, असा हुकूम निघाला. १३ जुलैला डेनिस बर्नस्टाइन या निवेदकाला केंद्रातून बाहेर काढायला माणसं आली, आणि ती झटापट थेट प्रक्षेपणातून लोकांच्या स्वयंपाकघरांत ऐकू गेली. मग इमारतीला कुलूप लागलं आणि हवेवर जुन्या ध्वनिफिती वाजू लागल्या. महिन्याच्या शेवटी दहा हजारांच्या आसपास माणसं बर्कलेच्या रस्त्यावर उतरली. एका रेडिओ केंद्रासाठी! खटले चालले, तडजोड झाली, २००३ मध्ये नवी घटना आली आणि पंचवीस डॉलर किंवा तीन तासांचा नियम तिच्यात लिहिला गेला.

या लोकशाहीचं फार कौतुक करायचं कारण नाही. तेव्हापासून पॅसिफिकात गटबाजी अखंड आहे. निवडणुकांच्या खर्चाने आधीच रिकामी तिजोरी आणखी रिकामी होते, एक गट दुसऱ्याला कोर्टात खेचतो. न्यूयॉर्कच्या केंद्राने एम्पायर स्टेट बिल्डिंगवरच्या प्रक्षेपकाचं भाडं थकवलं, तेव्हा २०१७ मध्ये न्यायालयाने अठरा लाख डॉलरचा निकाल मालकाच्या बाजूने दिला. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जो कधी बसला आहे, त्याला या मंडळांच्या बैठकांचा रंग वेगळा सांगायला नको.

गुरुवारच्या तासाकडे वळते. खाडीच्या परिसरात गुरुवारी सात म्हणजे कचेरीतून घरी परतायची वेळ, पुलावर गाड्यांची रांग. हा कार्यक्रम ऐकणारे बरेच जण त्या रांगेत असतात. मीही तो पहिल्यांदा ऐकला तो फ्रीमाँटला जाताना, दुसऱ्याच्या गाडीत. आवाजात आकाशवाणीचा घोटीवपणा नाही. कुणी अडखळतं, कुणी हसू आवरत नाही, मुलाखत द्यायला आलेली बाई मधेच आपल्या आजीच्या भाषेत दोन शब्द बोलते आणि त्याचं भाषांतर कुणी करत नाही. मला तेच आवडलं. केपीएफएची ताकद ५९,००० वॅट, शिवाय फ्रेझ्नोचं केएफसीएफ हे केंद्र १९७५ पासून त्याचं प्रक्षेपण पुढे नेतं. त्यामुळे हा आवाज सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनपासून मध्य खोऱ्यातल्या बदामाच्या बागांपर्यंत जातो, आणि त्या खोऱ्यात लाओसमधून निर्वासित होऊन आलेले ह्माँग आहेत, शंभर वर्षांपूर्वी शेतमजूर म्हणून आलेल्या पंजाब्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. कार्यक्रम ज्या संघटनांच्या जाळ्यात आहे, त्यात ह्माँग तरुणांना मतदार नोंदणीकडे वळवणारी संघटना आहे, तुरुंगातल्या आशियाई कैद्यांसाठी काम करणारी आहे, दक्षिण आशियाई कार्यकर्त्यांचीही एक आहे.

या सगळ्यांना एका छत्रीखाली घेणारी ‘आशियाई अमेरिकन’ ही ओळखही बर्कलेचीच. १९६८ साली युजी इचिओका आणि एमा गी या जोडप्याने विद्यापीठातल्या जपानी, चिनी, फिलिपिनो विद्यार्थ्यांची एक राजकीय आघाडी उभी केली आणि तिला हे नाव दिलं. त्याआधी चिनी माणूस चिनी होता, जपानी जपानी, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं बरं नव्हतं. त्याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने संप सुरू झाला, तो पुढच्या मार्चपर्यंत चालला. आज अमेरिकेत विद्यापीठा-विद्यापीठांतून आशियाई लोकांचा इतिहास शिकवला जातो, त्याचं मूळ त्या संपात आहे.

मताची गोष्ट मात्र याहून खूप जुनी, आणि कडू. १७९० च्या कायद्याने परदेशात जन्मलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला नागरिक होता येत असे. १८७९ च्या कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत मतदानाचा हक्क कुणाला नाही याची यादी आहे. तिच्यात चीनमध्ये जन्मलेला माणूस, मतिमंद आणि वेडा यांची नावं एका रांगेत येतात. मग १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी झाली. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क हा स्वयंपाकी १८९५ मध्ये चीनहून परत आला, तेव्हा त्याला बंदरातच अडवलं आणि काही महिने एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर असं पाण्यातच ठेवलं. तो कोर्टात गेला. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, इथे जन्मला तो इथला नागरिक, आईबाप कुठलेही असोत. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणारा आदेश काढला, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या स्वयंपाक्याचं नाव पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं.

हिंदी माणसांचा खटला वेगळ्या कारणाने वाचण्यासारखा आहे. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, पगडी बांधून. नागरिकत्वासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजी हरले. गोरा म्हणजे कोण, हे सामान्य गोऱ्या माणसाच्या समजुतीवर ठरेल, वंशशास्त्राच्या पुस्तकावर नाही, असं न्यायालय म्हणालं. थिंद यांच्या बाजूचा युक्तिवाद काय होता? तर आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, आणि गोरा अमेरिकन जसा काळ्यांकडे बघतो तसेच आपण हिंदुस्थानातल्या मंगोलवंशी आदिवासींकडे बघतो, सबब आम्हाला तुमच्यात घ्या. वर्णद्वेषाच्या दारात उभं राहून जातीचा दाखला पुढे केलेला. सातासमुद्रापार गेलो तरी आपण काय काय बरोबर नेतो, त्याचा इतका स्वच्छ कागदोपत्री पुरावा दुसरा नसेल.

निकालानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घेण्यात आलं. त्यांतले एक वैष्णो दास बगई. १९१५ साली ते पेशावरहून पत्नी काला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीशी त्यांचा संबंध होता. बर्कलेत त्यांनी घर घेतलं. सामान घेऊन राहायला गेले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूपं लावून ठेवलेली, हे लोक आत येऊ नयेत म्हणून. बगई कुटुंब आल्या पावली परत फिरलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं, १९२१ मध्ये नागरिकत्व मिळालं, थिंद निकालानंतर ते गेलं आणि त्याच्यामागे मालमत्ताही गेली, कारण नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्याला तेव्हा कॅलिफोर्नियात जमीन ठेवता येत नव्हती. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना, आणि ब्रिटिश प्रजा म्हणून जायचं नव्हतं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे एक पत्र ठेवलं, ते तिथल्या वर्तमानपत्राने छापलं.

कालाबाईंना इंग्रजी जेमतेम येत होतं. त्यांनी मुलं वाढवली, शिकवली, दुसरं लग्न केलं, कायदा बदलल्यावर नागरिक झाल्या. १९८३ मध्ये त्या वारल्या, तोवर दक्षिण कॅलिफोर्नियात नव्याने येणाऱ्या हिंदी कुटुंबांना घर मांडून देणाऱ्या म्हणून त्यांचं नाव झालं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये बर्कलेच्या नगर परिषदेने शॅटक या हमरस्त्याच्या दोन तुकड्यांना ‘काला बगई वे’ नाव देण्याचा ठराव केला. ही मागणी सरकार दरबारी पोचवली ती बर्कलेतल्या दक्षिण आशियाई इतिहासाच्या पदयात्रा काढणाऱ्यांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांनी. मी त्या पाटीखाली उभी राहिले तेव्हा समोर बसथांबा होता, एक मुलगा स्केटबोर्डवरून गेला, कुणी वर बघत नव्हतं. रस्त्यांच्या नावांचं नशीब सगळीकडे सारखंच.

हिंदी आणि फिलिपिनो लोकांना नागरिक व्हायची मुभा मिळाली १९४६ मध्ये, जपान्यांना १९५२ मध्ये. दलीप सिंग सौंद यांनी बर्कलेतून १९२४ मध्ये गणितात पीएच.डी. केली, पण गणिताच्या नोकरीऐवजी वाट्याला आली शेती. १९५६ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले, असे ते पहिले आशियाई. ज्यांना दहा वर्षांपूर्वी मतसुद्धा नव्हतं, त्यांच्यातला एक जण खासदार झाला, ही तेव्हा मोठी गोष्ट होती आणि आजही आहे.

पण मत मिळालं तरी मतपत्रिका वाचता यायला हवी. १९६५ चा मतदान हक्क कायदा काळ्या नागरिकांच्या लढ्यातून आला. १९७५ मध्ये त्याला कलम २०३ जोडलं गेलं. एखाद्या भागात एका भाषिक गटातले, इंग्रजी नीट न येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक दहा हजारांवर किंवा पाच टक्क्यांवर असतील आणि त्यांच्यातलं निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त असेल, तर त्यांच्या भाषेत मतपत्रिका, सूचना आणि मदत द्यावीच लागते. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी, स्पॅनिश आणि फिलिपिनो मतपत्रिका मिळतात. भारतीयांना हा कायदा एकच गट धरतो आणि भाषा स्थानिक प्रशासन ठरवतं: न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली, शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी, न्यू जर्सीच्या मिडलसेक्समध्ये गुजराती. मराठी या यादीत बसत नाही, कारण तिथला मराठी माणूस शिकून गेलेला. पण मुलाबरोबर गेलेल्या आईचं काय? ग्रीन कार्डावर पंधरा वर्षं काढलेल्या आणि पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला नागरिकत्वाची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. म्हणजे सातारची आजी दुभाष्यासमोर मराठीत उत्तरं देऊन अमेरिकन होऊ शकते. मतपत्रिका मात्र इंग्रजीच हातात पडते, आणि मग सून किंवा नातू बरोबर न्यावा लागतो. कायदा तशी परवानगी देतो. आता आजीचं मत सुनेला कळणार, हा घरातला प्रश्न झाला, त्यावर कायद्यात उपाय नाही!

फ्रीमाँटला मी ज्यांच्याकडे उतरले होते, ते मूळचे सांगलीचे. तिथे नोकरी करून केस पांढरे झाले, ग्रीन कार्डाची रांग काही सरत नाही. दरवर्षी कुठल्याही एका देशाला नोकरीवरच्या ग्रीन कार्डांतली सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, असा नियम आहे, त्यामुळे भारतीयांची रांग पिढीभर लांबते. “ताई, कर भरतो, मुलीच्या शाळेत रंगकामालासुद्धा जातो,” ते म्हणाले, “पण शाळेच्या बोर्डावर कोण बसणार ते आमच्या शेजाऱ्यांनी ठरवायचं.” वहिनी आतून म्हणाल्या, “अहो, पण आपली श्रुती पुढच्या वर्षी मत देणार ना!” श्रुती तिथे जन्मलेली. वाँग किम आर्कची मेहेरबानी.

सॅन फ्रान्सिस्को शहराने नेमक्या याच तक्रारीवर एक उपाय काढला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांनी कौल दिला, की नागरिक नसलेल्या पालकांनाही शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत असावं. २०१८ मध्ये पहिल्यांदा ते वापरायची वेळ आली, तेव्हा नोंदणी करणारे शंभरही निघाले नाहीत. कारण सरळ होतं. नोंदणी केली तर तुमचं नाव-पत्ता परदेशी नागरिकांना हुसकावणाऱ्या केंद्रीय खात्याच्या हाती पडू शकतो, असा इशारा शहरालाच द्यावा लागला. हक्क दिला आणि त्याला घाबरायचं कारणही बरोबर दिलं. पुढे या तरतुदीवर खटला झाला, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ती वैध ठरवली. ऑकलंडच्या मतदारांनीही २०२२ मध्ये तशाच वाटेने जायचं ठरवलं.

हे प्रश्न रेडिओवर घेण्यात एक सोय आहे, आवाजाला पत्ता लागत नाही. छायाचित्र नको, नाव नको असं म्हणणारा माणूसही माइकसमोर बोलतो.

आता कलेकडे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड हे बेट आहे. १९१० ते १९४० या काळात आशियातून येणाऱ्यांना तिथे अडकवून ठेवत आणि उलटतपासणी घेत: तुझ्या गावात विहीर कुठे आहे, घराला पायऱ्या किती? उत्तर चुकलं की परत. आठवडे जात, कधी महिने. बराकीच्या लाकडी भिंतींवर चिनी कैद्यांनी अभिजात छंदांत कविता कोरल्या. अधिकाऱ्यांनी त्यांवर लांबी भरली, रंगाचे थर दिले. वर्षांनी लांबी आकसली आणि अक्षरं पुन्हा वर आली. इमारत पाडायची ठरली होती. १९७० मध्ये अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाला टॉर्चच्या उजेडात ती अक्षरं दिसली. त्याने वर कळवलं, कुणी मनावर घेतलं नाही, मग तो विद्यापीठाकडे गेला. बेटावर अडकलेल्यांच्या मुला-नातवंडांनी आरडाओरडा केला, १९७६ मध्ये राज्याने जतनासाठी अडीच लाख डॉलर दिले. दोनशेहून अधिक कविता त्या भिंतींवर सापडल्या आहेत. जवळ गेलं की दिसतं, चाकूचं टोक लाकडाच्या रेषेला आडवं जाताना अडलंय, तिथे अक्षराचा फाटा जरा वाकडा झालाय. कवीचं नाव बहुतेक ठिकाणी नाही.

शहरात कर्नी स्ट्रीटवर इंटरनॅशनल हॉटेल होतं. नावाला हॉटेल, खरं तर म्हाताऱ्या फिलिपिनो आणि चिनी कामगारांच्या खोल्यांची चाळ. तरुणपणी शेतात, जहाजांवर, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबलेली ही माणसं. फिलिपिनोंना गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्याने मज्जाव होता, त्यामुळे बरेच एकटे. १९६८ पासून इमारत पाडायचं घाटत होतं. तळमजल्यावर १९७२ मध्ये कर्नी स्ट्रीट वर्कशॉप ही कलासंस्था निघाली आणि तिथे स्क्रीन प्रिंटिंगची पोस्टरं छापली जाऊ लागली. तंत्र तेच, ज्यावर आपल्याकडे लग्नपत्रिका निघत. चौकटीवर ताणलेलं जाळीचं कापड, वर शाई, रबराच्या पट्टीने एक फराटा, खाली कागद. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, प्रत्येक कागद वाळायला दोरीवर. मोर्चाच्या आदल्या रात्री हे सगळं उरकायचं. म्हाताऱ्यांनाही चित्रकलेला बसवत.

४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलीस आले. सुमारे तीन हजार माणसं हातात हात अडकवून इमारतीभोवती उभी होती. घोडेस्वार पोलिसांनी साखळी तोडली. शेरीफ रिचर्ड होंगिस्टो याने आधी लोकांना बाहेर काढायला नकार दिला होता आणि त्यासाठी काही दिवस तुरुंगात काढले होते, त्या रात्री मात्र तोच घण घेऊन दारं फोडत होता. पन्नासच्या आसपास भाडेकरू उरले होते, ते रस्त्यावर आले. इमारतीची मालकी तेव्हा थायलंडमधल्या एका उद्योगपतीच्या कंपनीकडे होती, हेही सांगितलं पाहिजे. आशियाई माणसाला आशियाई माणसानेच बाहेर काढलं. जागा कित्येक वर्षं खड्डा होऊन पडली. २००५ मध्ये तिथे वृद्धांसाठी १०४ घरांची नवी इमारत उभी राहिली, तळमजल्यावर फिलिपिनो वस्तीच्या आठवणींचं केंद्र आहे.

गुरुवारच्या कार्यक्रमाबद्दल माझी एक तक्रार आहे. ऐकणारा आधीच आपल्या बाजूचा आहे, असं तिथे धरून चालतात. प्रत्यक्षात आशियाई मतदार एका बाजूचा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाच्या तीन सदस्यांना मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावलं. त्यात चिनी पालकांचा जोर मोठा होता, कारण गुणवत्तेवर प्रवेश देणाऱ्या एका नामांकित शाळेचे नियम मंडळाने बदलले होते. हे पालक पुराणमतवादी म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. त्यांच्यातले काही आयुष्यात पहिल्यांदा मत देत होते. अशा पालकाला तासभर समोर बसवून ऐकलं तर कार्यक्रम अवघड होईल, पण जास्त ऐकण्यासारखा होईल.

जातीच्या बाबतीत मात्र या चळवळीतल्या लोकांनी अवघड प्रश्न टाळला नाही. तेनमोळी सौंदरराजन या दलित कलावंत-कार्यकर्त्या खाडीपरिसरातल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी दिल्लीत एक पोस्टर हातात धरून उभे राहिले आणि भारतात गदारोळ झाला, ते ब्राह्मणी पितृसत्तेवरचं चित्र तेनमोळींचं. २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारने एका संगणक कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअॅटलने जातिभेदाला बंदी केली, तो ठराव आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी ते परत पाठवलं. त्याच्या काही दिवस आधी फ्रेझ्नो शहराने मात्र बंदी घातली होती. या सबंध काळात व्हाइट हाउसच्या दिवाळीचे फोटो पाठवणाऱ्या मराठी मंडळांच्या व्हॉट्‌सअॅप गटांत भांडणं झाली, माणसं गट सोडून गेली. थिंद यांचा युक्तिवाद शंभर वर्षांनी उलट्या बाजूने कोर्टात आणि सभागृहात आला होता.

मराठी धागा त्याहून जुनाही आहे. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतून ‘गदर’ हे पत्र निघालं, आधी उर्दूत, मग गुरुमुखीत. ते बोटींवरून, पार्सलांत लपवून जगभर जाई. तळेगाव ढमढेऱ्यांचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले आणि गदरमध्ये ओढले गेले. मेरठच्या लष्करी छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर चढले. गदरमधलेच वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे वाचले. मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर संशोधन करत राहिले, आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना मेक्सिको सिटीतल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर भाकरी मोडून वाटताना रंगवलं.

आणि आपल्याकडचा रेडिओ? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात, प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्या निकालाच्या बळावर २००६ मध्ये संस्था-संघटनांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी मिळाली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ चालते, तिथे शेळ्या राखणाऱ्या बाया ओव्या गातात, पाण्याच्या टाकीपासून बचत गटापर्यंतचं बोलतात. ताकद शंभर वॅट, आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर. केपीएफएच्या ५९,००० शी तुलना करण्यात अर्थ नाही, आणि त्यातून फारसं बिघडतही नाही. बिघडतं ते पुढच्या अटीने. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्याच बातम्या लावता येतात, बस. टँकर कधी येणार हे सांगता येतं. मतदार यादीत नाव कसं घालायचं, मतदान केंद्रावर कुठली ओळखपत्रं चालतात, हेही सांगता येतं. तो टँकर गेल्या तीन उन्हाळ्यांत का आला नाही आणि त्या वेळी निवडून आलेले कोण होते, हे विचारायला माणच्या बाईने माइक उचलला, की निवेदिकेला गाणं लावावं लागतं.